तेवीस खंडांचे स्वप्न

लहानपणी मी एकदा ज्ञानकोशावर उभा राहिलो होतो. अगदी अक्षरशः! अकोल्याच्या आमच्या घरी आजोबांच्या खोलीत काचेच्या दाराचे एक सागवानी कपाट होते. त्यात डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांच्या ‘महाराष्ट्रीय ज्ञानकोशा’चे जाडजूड खंड ओळीने लावलेले असत. फडताळावरच्या साखरेच्या डब्यापर्यंत हात पोचेना, म्हणून मी त्यातले दोन खंड आणून जमिनीवर ठेवले आणि वर चढलो. एक पाय ‘बुद्धपूर्व जगा’वर, दुसरा ‘बुद्धोत्तर जगा’वर. साखर काही मिळाली नाही, पाठीत धपाटा मात्र मिळाला.

“पुस्तकावर पाय देतोस? सरस्वती आहे ती!” आजोबा म्हणाले. मग दोन्ही खंड त्यांनी धोतराच्या सोग्याने पुसले आणि जागेवर ठेवले. १९२० नंतरच्या त्या दिवसांत, वकिलीत जम बसलेला नसताना, ते ज्ञानकोशाचे वर्गणीदार झाले होते. पुढचा खंड टपालाने आला की घरात सण असल्यासारखे वाटे, असे आजी सांगत असे.

हे सगळे मला आठवले ते साठ वर्षांनी आणि आठ हजार मैलांवर. मागच्या ऑगस्टमध्ये माझ्या नातीला कॉर्नेल विद्यापीठात सोडायला आम्ही सारे इथाकाला गेलो होतो. आपल्यापैकी अनेकांनी हा सोहळा अनुभवला असेल. गाडीत उशा, टेबललँप, छोटा फ्रीज आणि वर घरच्या चकल्यांचा डबा. मुलगा आणि सून खोली लावण्यात गर्क होती. तिथे माझी अडचणच होत होती, तेव्हा नात म्हणाली, “आजोबा, चला, तुम्हाला लायब्ररी दाखवते.”

टेकडीवर घड्याळाचा उंच मनोरा आहे आणि त्याच्या पायथ्याशी १८९१ मध्ये उघडलेले जुने ग्रंथालय. आत लोखंडी जाळीदार सज्जे, त्यांत पुस्तकेच पुस्तके. तिथे उभा असताना एकदम डोक्यात आले, की अरे, आपले केतकर इथेच शिकले! नातीला म्हटले, “बघ ग, केतकर नावाचे काही सापडते का.” तिने फोनवर बोटे फिरवली आणि दोन मिनिटांत म्हणाली, “हे बघा आजोबा. ‘द हिस्टरी ऑफ कास्ट इन इंडिया’. नाइन्टीन ओ नाइन. पब्लिश्ड इन इथाका!”

“कोण होते हे?” तिने विचारले. मी उत्साहाने सुरुवात केली, पण पाच मिनिटांत माझे भांडवल संपले. ज्या माणसाच्या पुस्तकावर मी उभा राहिलो होतो त्याच्याविषयी मला किती थोडे ठाऊक होते! घरी परतल्यावर ती लाज घालवण्यासाठी मी वाचायला बसलो. त्या वाचनातून जे हाती लागले ते आपल्यापुढे ठेवतो. शेवटी थोडे माझे स्वतःचेही सांगणार आहे, कारण ते सांगितल्याशिवाय हा लेख लिहिण्याचा मला अधिकार नाही.

केतकरांचा जन्म २ फेब्रुवारी १८८४ रोजी रायपूरला झाला. बालपण आणि शालेय शिक्षण अमरावतीत, म्हणजे माझ्या अकोल्याचे हे शेजारीच. पुढे मुंबईत विल्सन कॉलेजमध्ये शिकून १९०६ मध्ये, वयाच्या बाविसाव्या वर्षी, ते अमेरिकेला आले. आपण विद्यार्थी म्हणून आलो तेव्हा खिशात मोजके डॉलर होते, असे आपण मुलांना रंगवून सांगतो. पण विमानतळावर घ्यायला कुणीतरी ओळखीचे आलेले असे. केतकरांच्या वेळी बोटीचा प्रवास कित्येक आठवड्यांचा होता, घरच्या पत्राला उत्तर यायला महिने लागत, आणि इथाकाच्या बर्फात मराठी बोलायला माणूस मिळणे म्हणजे दैवच म्हणायचे.

तिथे त्यांनी विषय निवडला तो जातिसंस्थेचा. मनुस्मृतीच्या आधारे प्राचीन भारतातल्या समाजस्थितीचा शोध घेणारा त्यांचा ग्रंथ १९०९ मध्ये इथाकातच छापला गेला. त्या वेळी ते फक्त पंचवीस वर्षांचे होते. त्याचा पुढचा भाग, हिंदू धर्मावरील निबंध, १९११ मध्ये लंडनला प्रसिद्ध झाला आणि त्याच साली कॉर्नेलने त्यांना डॉक्टरेट दिली.

त्या सुमारास, १९१०-११ मध्ये, ‘एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिका’ची प्रख्यात अकरावी आवृत्ती बाहेर पडली. २९ खंड, सुमारे १५०० लेखक, मागे केंब्रिज विद्यापीठाच्या छापखान्याचे नाव. इंग्रजी जाणणाऱ्या माणसाला जगातली कोणतीही गोष्ट हात लांब करून कपाटातून काढता येत होती. मराठी माणसाला मात्र मराठीतून असे काही मिळत नव्हते. ज्ञान हवे तर आधी इंग्रजी शिका, ही अट होती. आणि ती कुणासाठी? १९११ च्या शिरगणतीप्रमाणे हिंदुस्थानात शंभरांतली जेमतेम सहा माणसे साक्षर होती. त्यांतही इंग्रजी येणारे हाताच्या बोटांवर मोजावेत इतके.

१९१२ मध्ये केतकर मायदेशी परतले. काही काळ कलकत्ता विद्यापीठात त्यांनी शिकवले. अमेरिकेची डॉक्टरेट, इंग्रजीत दोन ग्रंथ, वय अठ्ठावीस. चांगल्या पगाराची प्राध्यापकी करून, कोट-टोपी घालून ते सुखाने जगू शकले असते. पण त्यांनी ठरवले ते असे, की मराठीत ज्ञानकोश काढायचा. सगळ्या जगाची माहिती, मराठी माणसाच्या दृष्टीने, मराठी भाषेत.

मंडळी, स्वप्न ही तशी स्वस्त वस्तू आहे. शनिवारी रात्री पॉटलकच्या जेवणानंतर आपण प्रत्येकाने एकेक पाहिलेले असते. केतकरांचे वेगळेपण पुढे सुरू होते. त्यांनी स्वप्नाचा हिशेब मांडला. विद्यापीठ पाठीशी नव्हते, सरकार परके होते. तेव्हा त्यांनी चक्क एक लिमिटेड कंपनी काढली. १९१५-१६ च्या सुमारास नागपुरात ‘ज्ञानकोश मंडळ’ उभे राहिले. लोकांनी भाग विकत घ्यायचे, वर्गणीदारांनी आगाऊ पैसे भरायचे आणि त्या भांडवलावर ग्रंथ तयार व्हायचा. मनुस्मृतीवर प्रबंध लिहिलेला विद्वान आता भाग खपवू लागला, वर्गणीदार मिळवू लागला. जो ग्रंथ अजून लिहिलाच गेलेला नाही, त्यासाठी वकील, डॉक्टर, मास्तर, सावकार यांच्याकडे पैसे मागायचे! आपल्या मंडळाच्या गणेशोत्सवासाठी दहा घरी फोन केलेला कोणीही माणूस या कामाची कल्पना करू शकेल.

काळही कठीण होता. पहिले महायुद्ध चालू होते, कागद महागला होता. १९१८ मध्ये इन्फ्लुएंझाची साथ घरेच्या घरे रिकामी करून गेली. त्याच वर्षी ज्ञानकोशाचे बिऱ्हाड नागपूरहून पुण्याला हलले. पुण्यात लेखक होते, ग्रंथसंग्रह होते, छापण्याची सोय होती. मंडळाने स्वतःचा छापखानाही चालवला.

ज्ञानकोश करणे म्हणजे काय, याचा मी पूर्वी कधी विचार केला नव्हता. कादंबरी लिहिणारा पहिल्या पानापासून सुरुवात करतो. ज्ञानकोशात मात्र ‘अ’ छापायच्या आधी ‘ह’पर्यंतची यादी तयार लागते, कारण ‘अफू’ या लेखात ‘चीन’कडे बोट दाखवायचे तर चीनवर काय येणार हे आधी ठरलेले हवे. परदेशी नावे मराठीत कशी लिहायची, अनुस्वार कोणत्या क्रमाने घ्यायचा, रसायनशास्त्रातल्या शब्दांना मराठी प्रतिशब्द कोणते, हे सारे एकदा ठरवून शेवटपर्यंत पाळावे लागते. त्यात संगणक नाही, टंकलेखन नाही. हाताने लिहिलेला मजकूर, शिशाचे खिळे एकेक करून जुळवणारे जुळारी, काना-मात्रा-वेलांट्या आणि जोडाक्षरे यांचे शेकडो खिळे, मग मुद्रिते तपासणे आणि पुन्हा तपासणे. हे एक-दोन महिने नव्हे, रोज, वर्षानुवर्षे.

पहिला खंड १९२० मध्ये बाहेर पडला. पण ज्या वर्गणीदारांनी ‘अ’ची वाट पाहिली होती त्यांच्या हाती आला ‘हिंदुस्थान आणि जग’! केतकरांचे म्हणणे असे, की सुटी माहिती देण्याआधी वाचकाला जगाचे एकसंध चित्र दाखवले पाहिजे. म्हणून आधी पाच प्रस्तावना खंड झाले: ‘हिंदुस्थान आणि जग’, ‘वेदविद्या’, ‘बुद्धपूर्व जग’, ‘बुद्धोत्तर जग’ आणि ‘विज्ञानेतिहास’. ‘अ’ उजाडला तो सहाव्या खंडात. हा हट्ट व्यवहारी होता का? मला शंका आहे. पैसे भरून बसलेले वर्गणीदार कुरकुरले असतील तर त्यांना दोष देता येत नाही. पण ब्रिटानिकाचे नुसते भाषांतर करून मोकळे होण्याचा सोपा मार्ग या माणसाने घेतला नाही. जगाकडे मराठी माणसाने आपल्या खिडकीतून पाहावे, हा त्यांचा आग्रह होता.

१९२० सालीच आणखी एक गोष्ट घडली. केतकरांनी एडिथ कोह्न या जर्मन ज्यू तरुणीशी विवाह केला. लंडनमध्ये त्यांची ओळख झाली होती. व्रात्यस्तोम विधीने त्यांना हिंदू धर्मात घेण्यात आले आणि त्या शीलवतीबाई केतकर झाल्या. शंभर वर्षांपूर्वीच्या पुण्यात ही केवढी खळबळ असेल! आपल्या घरांत आज अमेरिकन सुना आणि जावई आहेत. त्यांना आपण शीलवतीबाईंची हकिगत जरूर सांगावी. विंटरनिट्झ या पंडिताने भारतीय वाङ्मयाचा इतिहास जर्मन भाषेत लिहिला होता. ज्ञानकोशाच्या कामात नवऱ्याला उपयोग व्हावा म्हणून बाईंनी त्याचे इंग्रजी भाषांतर केले. पुढे ते मूळ लेखकाने तपासले आणि १९२७ मध्ये कलकत्ता विद्यापीठाने त्याचा पहिला खंड प्रसिद्ध केला. जगभरचे संस्कृतचे विद्यार्थी ते अजून वापरतात. मुखपृष्ठानंतरच्या पानावर फक्त ‘मिसेस एस. केतकर’ एवढेच नाव आहे. एका माणसाच्या स्वप्नाला घरातल्या दुसऱ्या माणसाचे किती हात लागलेले असतात, हे त्या एका ओळीवरून कळते.

सहा ते एकवीस हे ज्ञानकोशाचे शरीरखंड. बाविसावा सूचीचा, तेविसावा ‘हिंदुस्थान’ या विषयावरचा पुरवणी खंड. १९२९ पर्यंत सगळे तेवीस खंड पूर्ण झाले. १९२७ मध्ये केतकरांनी ज्ञानकोश मंडळाचा इतिहास लिहिला, त्याच्या नावातच ‘माझे बारा वर्षांचे काम’ हे शब्द आहेत. त्यात ‘स्वप्न’ नाही, ‘साधना’ नाही, ‘तपश्चर्या’ नाही. काम! मला हे नाव फार आवडले.

तुलनेसाठी एक गोष्ट सांगतो. स्वातंत्र्यानंतर महाराष्ट्र शासनाने तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नेतृत्वाखाली मराठी विश्वकोशाचे काम हाती घेतले. त्याचा पहिला खंड १९७६ मध्ये निघाला आणि विसावा २०१५ मध्ये. मी हे विश्वकोशाला उणेपणा देण्यासाठी सांगत नाही. तो ग्रंथ मोठाच आहे. पण शासनाचे पाठबळ असूनही ज्या जातीच्या कामाला चाळीस वर्षे लागतात, ते काम वर्गणीच्या पैशांवर बारा-तेरा वर्षांत उरकणे म्हणजे काय, याचा अंदाज यावा.

इथे लेख संपवला तर तो शाळेतल्या बक्षीस समारंभाच्या भाषणासारखा होईल. पण उरलेली हकिगतही खरी आहे. ज्ञानकोश पूर्ण झाला तरी केतकरांना स्वास्थ्य लाभले नाही. गुजराती ज्ञानकोशाचे काम त्यांनी हाती घेतले, ते तडीस गेले नाही. १९३१ मध्ये हैदराबादच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले, मान मिळाला, पण पैशाची ओढाताण सुटली नाही. त्यांनी कादंबऱ्या लिहिल्या. त्यांतल्या एकीचे नावच ‘परागंदा’ आहे. आपण परदेशस्थांनी ते जरा थांबून वाचावे. १९३५ मध्ये प्राचीन महाराष्ट्राच्या इतिहासाचा पहिला भाग आला, पुढचे राहून गेले. १० एप्रिल १९३७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. वय फक्त त्रेपन्न. शेवटची वर्षे विपन्नावस्थेत गेली.

मग जिद्दीने स्वप्न पुरे केल्याचे फळ काय? ज्ञानकोशातली पुष्कळ माहिती आता जुनी झाली आहे. काही मते आज कुणी मान्य करणार नाही. पण एक गोष्ट माझ्या लक्षात आली. ज्ञानकोशाच्या कचेरीत तयार झालेल्या माणसांत यशवंत रामकृष्ण दाते आणि चिंतामण गणेश कर्वे हे दोघे होते. याच दाते-कर्वे यांनी पुढे ‘महाराष्ट्र शब्दकोशा’चे सात खंड १९३२ ते १९३८ या काळात सिद्ध केले. मराठी शब्दाचा अर्थ अडला की आजही जाणकार त्याच कोशाकडे वळतात. म्हणजे केतकरांनी पुस्तकांबरोबर पुस्तके करणारी माणसेही घडवली. आणि अलीकडे मुंबईच्या यशवंतराव चव्हाण प्रतिष्ठानने सगळा ज्ञानकोश इंटरनेटवर आणला. आजोबांना ज्या खंडासाठी टपालवाल्याची वाट पाहावी लागे, तो मी न्यू जर्सीत पायजमा घालून सकाळच्या चहाबरोबर वाचला.

आता माझे सांगतो.

१९८८ मध्ये आपल्या मंडळाच्या एका बैठकीत ठरले, की या भागात सर्वांत आधी आलेल्या मराठी कुटुंबांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करायच्या आणि त्यांचे पुस्तक काढायचे. “हे काम मी करतो,” असे मी हात वर करून सांगितले. टाळ्या पडल्या. दोन वर्षांत मी अकरा जणांना भेटलो, नव्वद मिनिटांच्या अकरा कॅसेट भरल्या आणि बुटांच्या खोक्यात ठेवल्या. मग नोकरी बदलली, घर बदलले, मुलांचे सॉकर, मुलांचे कॉलेज, आईचे आजारपण. खोके एका बेसमेंटमधून दुसऱ्या बेसमेंटमध्ये गेले.

त्या अकरांत एक काकू होत्या. त्या १९५९ मध्ये नवऱ्यामागोमाग इथे आल्या होत्या. दर वर्षी गणपतीला त्या मला गाठून विचारायच्या, “माझी टेप ऐकलीस का रे?” मी म्हणायचो, “पुढच्या महिन्यात नक्की, काकू.” त्या हसायच्या. पुढे त्यांनी विचारणे सोडले, आणि मला, खरे सांगतो, सुटल्यासारखे वाटले. आता त्या नाहीत. अकरांतले आठ जण नाहीत.

केतकरांविषयी वाचून झाल्यावर एका रात्री मी ते खोके वर आणले आणि आयुष्यात पहिल्यांदा हिशेब मांडला. अकरा कॅसेट, प्रत्येकी नव्वद मिनिटे, म्हणजे ९९० मिनिटे. रोज दहा मिनिटांचा मजकूर ऐकून उतरवला तर नव्व्याण्णव दिवस. पस्तीस वर्षे ज्याला मुहूर्त मिळाला नाही, ते काम सव्वातीन महिन्यांचे होते! इतकी वर्षे ‘वेळ नाही’ म्हणत होतो ती माझी समजूत होती. मी स्वप्न जपून ठेवले होते आणि काम टाळले होते. स्वप्न खोक्यात सुरक्षित राहते. माणसे राहत नाहीत.

नातीने मला कॅसेटचा आवाज संगणकावर उतरवणारे यंत्र पाठवले. रोज पहाटे साडेपाच ते सात मी बसतो. दहा मिनिटांचा मजकूर उतरवायला तास-दीड तास लागतो, कारण माणसे मध्येच हसतात, कपबशा वाजतात, कुणाचे तरी मूल रडते. दोन टेपा चिकटून बसल्या आहेत, त्यांचे काय होते ते बघायचे. बाकीच्या चालतात. ज्यांच्या घरी त्या काळातली पत्रे किंवा छायाचित्रे असतील, त्यांनी ती मला गणपतीच्या कार्यक्रमात जरूर दाखवावीत.

परवा सातवी कॅसेट लावली. सुरुवातीला नुसती खरखर, मग खुर्ची सरकल्याचा आवाज आणि मग काकूंचा, अगदी स्पष्ट: “चालू झालं का रे? बोलू मी?”

मी यंत्र क्षणभर थांबवले, चष्मा पुसला आणि लिहायला लागलो.